हिशेबाच्या ताई

मी त्या संस्थेत साडेसहा वर्षं होते. तिचं नाव इथे लिहिणार नाही. नाव कळलं की वाचणारा "अच्छा, ते लोक होय!" म्हणून निश्चिंत होतो, आणि मला कुणाला तसं निश्चिंत करायचं नाही. धर्म कुठलाही घ्या, देश कुठलाही घ्या, मी आत राहून जे पाहिलं त्याचा साचा तोच निघतो. हे मला बाहेर पडल्यावर, वाचत गेले तसं हळूहळू कळत गेलं.

माझ्याकडे लिहिण्याची सेवा होती. तिथे कामाला सेवा म्हणत. त्रैमासिकाचा मजकूर, कार्यक्रमांची प्रसिद्धिपत्रकं आणि वर्षाअखेर छापायचा अहवाल. अहवालासाठी आकडे लागत आणि आकडे ताईंकडे असत. कार्यालयाच्या आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाला पाठ टेकून त्या बसायच्या. पन्नाशी उलटलेल्या, आधी कुठल्याशा कचेरीत हिशेबनीस होत्या. त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, सगळे हिशेबाच्या ताई म्हणायचे. पावती करताना त्या आधी कार्बन दोन बोटांनी सरळ करून घ्यायच्या. मग रक्कम अंकी, मग अक्षरी, अक्षरीच्या पुढे 'फक्त', आणि 'फक्त'च्या पुढे ओळ संपेपर्यंत एक रेघ. मागाहून कुणाला त्या जागेत काही घालता येऊ नये म्हणून. रेघ ओढताना त्यांचा हात जराही घाईत नसायचा. रक्कम कितीही लहान असो, रेघ पूर्ण जायची.

पावतीचे पैसे ताईंच्या टेबलावरून जायचे. पाकिटं मात्र थेट 'वर' जायची. 'वर' म्हणजे गुरुजींचा मजला, आणि आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ त्याहून बराच मोठा होता. 'वरून निरोप आलाय' म्हटलं की पुढे बोलणं होत नसे. पाकिटांवर नाव नसायचं, कारण ते गुप्तदान. गुप्तदान करणारा खरा साधक, पावती मागणारा अजून व्यवहारात अडकलेला, असं आम्हाला पहिल्याच शिबिरात शिकवलं होतं.

यावर मी फार विचार केला आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, हे देणाऱ्याला सांगितलेलं आहे. दिल्याचा गर्व त्याला चढू नये म्हणून. घेणाऱ्याने तेच स्वतःला लावून घेतलं की त्याचा अर्थ पार उलटा होतो. घेणाऱ्याच्या दोन्ही हातांना कळलंच पाहिजे, आणि तिसऱ्या कुणी विचारलं तर दाखवताही आलं पाहिजे. एका चांगल्या शिकवणुकीचं टोक फिरवून घेतलं, एवढंच तिथे घडत होतं. पण ती शिकवणूक मुळात चांगली होती, म्हणून आम्ही कुणी चकार शब्द काढला नाही. असल्या संस्था वाईट गोष्टींवर उभ्या राहत नाहीत. माणसाच्या चांगुलपणावर उभ्या राहतात, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आहे.

पैसा येण्याची वाट ठरलेली असते. पहिलं प्रवचन फुकट. मग छोटं शिबिर, मग मोठं, मग अनुग्रह, मग जवळच्यांचा गट. आमच्याकडे रक्कम कुणी सांगत नसे. पत्रकावर 'इच्छेनुसार' छापलेलं असायचं. फक्त गेल्या वेळी कुणी किती दिलं ते सभेत नावानिशी वाचून दाखवायचे, पावतीचे आकडे तेवढे. मग जो तो शेजाऱ्याच्या आकड्याकडे बघून आपली इच्छा ठरवायचा. मोठी रक्कम देणारा पुढच्या रांगेत बसायचा आणि ते त्याच्या साधनेचं फळ आहे असं आम्ही खरोखर मानायचो.

जपानमध्ये युनिफिकेशन चर्च या मूळच्या कोरियातल्या पंथाच्या बाबतीत हा सगळा व्यवहार न्यायालयापुढे आला. घरातली आजारपणं, मृत्यू, दुरावे हे पूर्वजांच्या पापाचं फळ आहे असं सांगून तिथे फुलदाण्या, नावाचे शिक्के अशा वस्तू भरमसाट किमतीला विकल्या जात. 'आध्यात्मिक विक्री' अशा अर्थाचं नावच तिथे त्या धंद्याला पडलं, आणि नाडलेल्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांनी १९८७ मध्ये देशभराची संघटना बांधली. तरी जगाचं लक्ष तिकडे वळलं ते ८ जुलै २०२२ ला, माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली तेव्हा. मारेकऱ्याच्या आईने मेलेल्या नवऱ्याच्या विम्याचे पैसे, वडिलांकडून आलेली जमीन असं करत सुमारे १० कोटी येन चर्चला दिले होते. २००२ मध्ये तिचं दिवाळं निघालं. खुनाला कुठलंही समर्थन नसतं. पण वकील पस्तीस वर्षं जे कंठशोष करून सांगत होते, ते ऐकायला एक खून व्हावा लागला याचं दुःख मला अजून आहे. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्या चर्चची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता संपवण्याचा आदेश दिला. दीड हजारांहून जास्त लोकांचं मिळून सुमारे २० अब्ज येनचं नुकसान झालं, असं त्या निकालात धरलं आहे.

त्याच देशात ओम शिनरिक्यो पंथात घर सोडून आत राहायला येणाऱ्याने आपली सगळी मालमत्ता पंथाच्या स्वाधीन करायची असे. गुरूच्या मेंदूतल्या लहरी शिष्याच्या मेंदूत उतरवणारी म्हणून तारा जोडलेली एक टोपी तिथे पैसे घेऊन देत. हे वाचताना पहिल्यांदा मला त्या शिष्यांचं नवल वाटलं. थोड्या वेळाने वाटेनासं झालं. आधी इतकं दिलेलं असतं, की ही टोपी खोटी म्हणायची तर मागचं सगळंच खोटं म्हणावं लागतं. तेवढी हिंमत एका दिवसात होत नाही.

लॉरेन्स आयानाकोन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक विचार मांडला होता. कडक पंथ माणसाकडून इतकं का मागतात? कारण जास्त मागितलं की अर्धवट मनाचे आपोआप गळतात आणि उरतात ते झोकून देणारे. मग प्रत्येकाला सगळेच झोकून देणारे दिसतात आणि सगळ्यांचाच उत्साह वाढतो. त्याचं म्हणणं निंदेचं नव्हतं, निरोगी कडक पंथांनाही ते लागू पडतं. मला त्यातली दुसरी बाजू दिसते. ज्या घरात सगळे झोकून देणारेच उरलेत, तिथे हिशेब विचारणारा एकटाच पडतो.

सगळ्यात मोठी देणगी मात्र कुठल्याच पावतीवर येत नाही. आमच्याकडे स्वयंपाक, झाडलोट, बांधकाम, छपाई, गाड्या चालवणं हे सगळं फुकट चालायचं. पहाटे साडेचारला उठून रात्री अकरापर्यंत राबणारी माणसं होती. त्या वेळेची किंमत अहवालात मी एकदा धरली होती, साधकांनी इतके तास दिले, म्हणजे इतका खर्च वाचला. गुरुजींनी तो परिच्छेद काढायला लावला. सेवा मोजायची नसते, म्हणाले. मला ते इतकं पटलं की मी डोळे पुसले होते.

माझंही सांगते. बाबांनी माझ्या शिक्षणासाठी मुदत ठेव ठेवली होती. दवाखान्याच्या नव्या इमारतीसाठी आवाहन झालं तेव्हा मी ती मोडली. माझी पावती ताईंनीच केली. पेन टेकवण्याआधी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"घरी माहीत आहे ना गं?"

मी हो म्हणाले. घरी माहीत नव्हतं. ताई क्षणभर थांबल्या, मग कार्बन सरळ केला.

आता प्रतिमेबद्दल, कारण ते माझंच खातं होतं. बाहेरच्यांना वाटतं, अशा संस्थांची समाजसेवा म्हणजे नुसता देखावा. ते तसं नसतं. आमची फिरत्या दवाखान्याची गाडी खरी होती. तिच्यातले डॉक्टर खरे होते, सुट्टी टाकून यायचे. ज्यांना औषध मिळालं ती माणसं खरी होती. या चांगल्या कामाला मी आजही खोटं म्हणणार नाही, माझ्या तेव्हाच्या सोबत्यांनी ते घाम गाळून केलं होतं. पण त्या गाडीचा उपयोग आणखी एका कामासाठी व्हायचा, आणि ते काम मी करायचे. कुठे टीका आली की उत्तरात रुग्णांची संख्या द्यायची. प्रश्न जमिनीचा असो, कुणाच्या मुलीचा असो, उत्तर रुग्णांचंच. एका बापाने वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारलं होतं की माझा मुलगा दोन वर्षं घरी का येत नाही. त्याचा खुलासा मी लिहिला. त्यात शिबिरं किती, तपासण्या किती, चष्मे किती वाटले, सगळं होतं. त्याच्या मुलाबद्दल एक ओळ नव्हती. खुलासा छापून आला तेव्हा माझं कौतुक झालं. तो मुलगा माझ्या शेजारच्या टेबलावर पाकिटांवर पत्ते चिकटवायचा.

चांगल्या कामाची ढाल किती जाड असू शकते, ते अमेरिकेतल्या पीपल्स टेंपलच्या इतिहासात दिसतं. जिम जोन्सच्या त्या पंथात काळे-गोरे एकत्र बसत. वृद्धांची, व्यसनी माणसांची सोय तिथे होत असे. वर्णद्वेषाच्या काळात ते थोडं नव्हतं. सभेला, मोर्चाला, निवडणुकीच्या प्रचाराला शेकडो शिस्तीची माणसं एका हाकेवर आणून उभी करण्याची जोन्सची ताकद होती, म्हणून राजकारणी त्याला धरून असत. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमलं. १९७७ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा मानवतावादी पुरस्कार त्याला मिळाला. त्याच काळात आत मारहाण होत होती, घरं लिहून घेतली जात होती, म्हाताऱ्यांच्या निर्वाहाचे सरकारी धनादेश पंथाकडे जमा होत होते. १९७७ च्या उन्हाळ्यात 'न्यू वेस्ट' मासिकाने बाहेर पडलेल्या माणसांच्या नावानिशी हे छापायला घेतलं, आणि अंक बाहेर येण्याच्या सुमारास जोन्स गयानाच्या जंगलात निघून गेला. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे जोन्सच्या सांगण्यावरून लोकांनी विष घेतलं, मुलांना ते पाजलं गेलं. त्या दिवशी सगळी मिळून ९१८ माणसं गेली, त्यात तीनशेहून अधिक मुलं होती. चौकशीला गेलेले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन परत निघाले असताना धावपट्टीवर मारले गेले. त्यांच्याबरोबर काही जण पंथ सोडून निघाले होते. पंधरा-सोळा माणसं निघून जाणं त्या हजारभरांच्या वस्तीला सहन झालं नाही, ही गोष्ट मी कितीतरी वेळा स्वतःशी उगाळली आहे.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये रजनीशांच्या (ओशोंच्या) अनुयायांनी वसवलेल्या रजनीशपुरमची आठवण इथे काढायला हवी. १९८४ च्या शरदात देशभरातून हजारो बेघर माणसांना बसमधून तिथे आणलं गेलं. निवारा, कपडे, जेवण दिलं गेलं, आणि ते माणुसकीचं काम म्हणून सांगितलं गेलं. काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची, निवडणूक जवळ आलेली होती. मतदार नोंदणीत अडचण आली आणि त्यांची मतं मिळणार नाहीत हे दिसलं, तशी त्यातल्या बऱ्याच जणांची आसपासच्या गावांत रवानगी झाली. त्याच महिन्यांत त्याच काउंटीतल्या द डॅल्स गावात खानावळींच्या सॅलडमध्ये जंतू मिसळले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली, तेही निवडणुकीसाठीच. मला त्या बसमधून उतरलेल्या माणसांचं फार वाटतं. थंडीच्या तोंडावर कुणीतरी हात पुढे केला, तो धरला, आणि मग तो हात काढून घेतला गेला.

आणि सगळं अंगाशी आलं की नाव बदलता येतं. जपानमधल्या युनिफिकेशन चर्चने २०१५ मध्ये 'कुटुंब', 'शांतता' असे शब्द असलेलं नवं नाव घेतलं. नव्या माणसाने जुन्या नावाने शोध घेतला तरच त्याला काही सापडणार.

मी हे तिन्ही विषय वेगवेगळे समजत होते. पैसा एक, प्रसिद्धी दुसरी, सोडून जाणारे तिसरे. ताईंच्या बाबतीत जे झालं त्यानंतर ते एकच आहेत हे माझ्या लक्षात आलं, तेही उशिरा. सोडून जाणाऱ्याला हिशेब माहीत असतो. बाहेरच्या टीकाकाराला काय, त्याला द्वेष आहे म्हणून सोडून देता येतं. पण जो काल प्रार्थनेत आपल्या शेजारी बसत होता त्याला काय म्हणायचं? त्याचा शब्द खरा ठरला तर पावत्याही उघड्या पडतात आणि प्रतिमाही. म्हणून आधी त्याचा शब्द कवडीमोल करायचा.

सेवकांच्या वार्षिक बैठकीत ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. "दवाखान्याच्या इमारतीसाठी आलेले पैसे इमारतीच्या खात्याला का दिसत नाहीत?" आवाज चढवला नव्हता. हातात एक वही होती. गुरुजी हसले, म्हणाले, ताई, तुम्ही फार थकल्या आहात.

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत दुसरं कुणीतरी बसलेलं होतं. पहिल्या आठवड्यात ऐकू आलं की ताईंची तब्येत बरी नाही. दुसऱ्या आठवड्यात तब्येत म्हणजे मनाची असं कळलं. तिसऱ्या आठवड्यात कपाटातल्या काही रकमेचा विषय निघाला, हळू आवाजात, 'आपल्यात राहू दे' म्हणून. त्यातलं दुसरं वाक्य मी स्वतः दोघींना सांगितलं. ताईंचं मन ठिकाणावर नाही म्हणतात. मला ते कुणी सांगायला लावलं नव्हतं. सांगितल्यावर बरं वाटलं होतं, कारण त्या वेड्या असल्या तर माझी मुदत ठेव इमारतीतच गेली होती.

महिन्याभराने त्या मला बस थांब्यावर दिसल्या. मला बघून त्यांनी हात वर केला. निरोप आलेला होता की त्यांच्याशी संपर्क ठेवू नये, त्यांच्याच भल्यासाठी. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. बस येईपर्यंत शोधत राहिले.

रॉबर्ट जे लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये, माणसाचे विचार बदलायला लावणाऱ्या व्यवस्थांची लक्षणं मांडताना, भाषेवर बोट ठेवलं होतं. अशा ठिकाणी मोजके ठाशीव शब्द असतात आणि ते आले की विचार थांबतो. आमच्याकडे असे शब्द भरपूर होते. शंका आली की तो अहंकार. थकवा आला की तो प्रारब्धाचा क्षय. घरची आठवण आली की माया. आणि जो गेला तो 'पडला'. तो गेला, त्याने सोडलं, असं कुणी म्हणत नसे. पडला म्हटलं की पडण्याआधी तो काय म्हणत होता ते कुणी विचारत नाही.

जगभरच्या हकिकती वाचताना हा बंदोबस्त किती आधीपासून केलेला असतो ते दिसतं. पीपल्स टेंपलमध्ये लोकांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जात, न केलेल्या गुन्ह्यांचे कबुलीजबाब लिहून घेतले जात. निष्ठेची परीक्षा म्हणून लोक ते देतही. अगदी अलीकडे अमेरिकेत नेक्झियम नावाच्या गटात, ज्याच्या प्रमुखाला २०२० मध्ये १२० वर्षांची शिक्षा झाली, आतल्या गुप्त वर्तुळातल्या बायकांकडून 'तारण' म्हणून खासगी छायाचित्रं आणि स्वतःची, घरच्यांची बदनामी होईल असे मजकूर घेतले जात. तारण हा शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. विश्वास ठेवायचा काळ असतो तेव्हाच अविश्वासाच्या दिवसाची तजवीज होते. आमच्याकडे सह्या नव्हत्या, पण दर महिन्याला मनातले दोष लिहून 'वर' द्यायची पद्धत होती. मी साडेसहा वर्षं ते प्रामाणिकपणे लिहिलं. ते कागद कुठे आहेत, माहीत नाही.

सायंटॉलॉजी या अमेरिकेत सुरू झालेल्या पंथात वेगळी तऱ्हा आहे. तिथल्या 'सी ऑर्ग' नावाच्या आतल्या गटातले पूर्णवेळ कर्मचारी अब्ज वर्षांच्या करारावर सही करतात. कुणी मधेच सोडून निघाला तर सेवेच्या काळात त्याने केलेल्या अभ्यासक्रमांचं बिल त्याच्या हातात पडतं. ज्यांना संस्था विरोधी ठरवते त्यांच्याशी घरच्या माणसांनीसुद्धा संबंध तोडल्याच्या कितीतरी हकिकती सोडून आलेल्यांनी सांगितल्या आहेत. संस्थेचं म्हणणं असं की ते ज्याच्या त्याच्या मर्जीने होतं. मर्जी! मीही त्या बस थांब्यावर माझ्या मर्जीनेच पर्समध्ये शोधत होते.

आणि कधीकधी हे जिवावर जातं. सोलर टेंपल या पंथात विधीच्या वेळी दिसणारे दिव्य देखावे टोनी ड्यूटोइट हा शिष्य यंत्रांनी उभे करायचा. तो बाहेर पडला आणि ते देखावे कसे होत ते सांगू लागला. १९९४ च्या सप्टेंबरअखेर कॅनडात त्याला, त्याच्या बायकोला आणि त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाला मारून टाकलं. ओम शिनरिक्योतून बाहेर पडू पाहणाऱ्या एका बाईकडून आणखी मालमत्ता मिळवायची होती, म्हणून तिचा ठावठिकाणा काढायला पंथाच्या लोकांनी १९९५ च्या फेब्रुवारीत तिच्या भावाला, कियोशी कारिया यांना, भर रस्त्यातून पळवलं. ते परत आले नाहीत. पोलिसांचा फास आवळला जातोय हे दिसल्यावर तीन आठवड्यांत टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला. एका बहिणीची मालमत्ता आणि एका शहराचा श्वास यांच्यामधलं अंतर एवढंच होतं.

ही टोकाची उदाहरणं आहेत आणि ती वाचून घाबरून जाऊ नये असंही मला वाटतं. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनमध्ये युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांना येणाऱ्यांचा बारकाईने मागोवा घेतला. १९७९ साली दोन दिवसांच्या शिबिराला आलेल्या हजारभर लोकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आत शिरलेच नाहीत, आणि शिरले त्यांतलेही बरेच दोन वर्षांत निघून गेले. म्हणजे जादू अशी काही नसते. 'ब्रेनवॉश' हा शब्द म्हणूनच मला आवडत नाही. माझ्या मेंदूला कुणी धुतलं नव्हतं. मी तेव्हाही विचार करत होते, फक्त एका प्रश्नापाशी पोचले की तिथून परत फिरायचे, रोज. मी शहाणी झाले तीही माझ्याच मेंदूने. बहुतेक माणसं अशीच निघतात, गाजावाजा न करता. आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून आत असलेल्याला वाटत राहतं की बाहेर कुणी गेलेलंच नाही.

कायद्याचं थोडक्यात. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कार घालायला बंदी करणारा कायदा केला होता. धर्मप्रमुखाने अनुयायाला बाहेर काढणं हा पंथाच्या धार्मिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द केला. पुढे २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा आणला. फ्रान्समध्ये २००१ पासून माणसाच्या मानसिक परावलंबनाचा गैरफायदा घेणं हा गुन्हा आहे. जपानने डिसेंबर २०२२ मध्ये भीती घालून देणग्या मागण्यावर बंधनं आणली, आणि देणाऱ्याच्या जोडीदाराला, मुलांना आपल्या पोटगीपुरते का होईना पैसे परत मागण्याची वाट करून दिली. मला जपानचा हा कायदा पटतो. तू कशावर विश्वास ठेवतोस हे तो विचारत नाही, तुझ्याकडे मागितलं कसं एवढंच विचारतो. दुसऱ्या पिढीच्या मुलांनी, ज्यांनी स्वतः काहीच निवडलेलं नव्हतं, त्यासाठी तोंड उघडलं होतं. बस थांब्यावर वर झालेल्या हाताचं काय करायचं, ते मात्र कुठल्या कलमात बसत नाही.

मी निघाले तेव्हा कुणी बिल दिलं नाही, कुणी अडवलं नाही. फोन वाजायचा थांबला. ज्या माणसांच्या मुलांची नावं मी ठेवली होती त्यांनी ओळख पुसली. मी पडले होते. चार महिन्यांनी मी ताईंचा नंबर शोधून फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. मी नाव सांगितलं, आणि पलीकडून पहिला प्रश्न आला.

"झोप लागते का गं?"

नाही म्हणाले.

"पहिलं वर्ष नाही लागत. साडेचारला जाग येईल, उठू नकोस. पडून राहा."

मग मी कागदावरचं वाचायला लागले. दोघींना काय सांगितलं, बस थांब्यावर काय केलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला माहीत होतं, तू कुणाला सांगितलंस ते. फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं होतं." त्यात राग नव्हता, आणि माफ केलं असंही त्या म्हणाल्या नाहीत. "रविवारी मोकळी आहेस का? एक काम आहे, मला एकटीला आता डोळ्यांनी झेपत नाही."

रविवारी गेले. टेबलावर ती बैठकीतली वही होती आणि एक नवी, जाड पुठ्ठ्याची. इमारतीसाठी ज्यांनी पावती घेऊन पैसे दिले होते त्यांची यादी ताई पुन्हा उतरवत होत्या. कार्बनच्या प्रती संस्थेच्या कपाटातच राहिल्या होत्या. ताईंकडे स्वतःची वही होती, आणि वहीत नसलेलं त्यांना आठवत होतं. त्यातल्या तिघांनी एकत्र येऊन धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज द्यायचं ठरवलं होतं. मी नाव आणि रक्कम वाचायची, त्या लिहायच्या. दोन पानं झाली. तिसऱ्या पानावर माझं नाव आलं आणि मी थांबले.

"वाच ना," ताई म्हणाल्या.

मी वाचलं. त्यांनी रक्कम अंकी लिहिली, मग अक्षरी लिहिली, पुढे 'फक्त' लिहिलं, आणि ओळ संपेपर्यंत रेघ ओढली.